पट इकडे, कवड्या तिकडे

ग्रामपंचायतीची निवडणूक झाली त्या हिवाळ्यात माझ्या आईच्या माहेरचा चौसर बंद पडला. पट मोठ्या मामांच्या घरी राहिला, सोंगट्या आणि कवड्या धाकट्या मामांच्या घरी. दोन्ही घरं एकाच गल्लीत, एकमेकांना लागून आहेत. मध्ये एक सामाईक भिंत आहे. त्यानंतर दोन पोळे आले आणि गेले, खेळ झाला नाही. तिसऱ्या पोळ्याला, म्हणजे गेल्या वर्षी, आई म्हणाली, "मला जायचंय." मी तिच्यासोबत गेले.

गाव नेर तालुक्यात आहे. नाव देत नाही, कारण तिथे निवडणूक पुन्हा व्हायची आहे आणि या मजकुरातली आम्ही दोघी सोडून सगळी माणसं तिथली मतदार आहेत.

आईला घाई होती, त्याचं कारण वेगळं होतं. दिवाळीनंतर तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही, असं पुण्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चौसर जमिनीवर मांडी घालूनच खेळतात. निदान आमच्याकडे तरी दुसरी रीत नाही. ही गोष्ट भावांना सांगायची नाही, असं तिनं निघण्याआधी मला बजावलं.

"कीव करून बसतील पटावर. मला कीव नको, खेळ हवाय."

कळंब

रात्रीच्या बसनं सकाळी यवतमाळला उतरलो. स्टँडवर आईचा 'मला' 'मले' झाला. पुण्यात पन्नास वर्षं काढूनही तो शाबूत होता. "लोहाऱ्याले चालता काय गा?" तिनं ऑटोवाल्याला विचारलं, आणि तो तिला पाहुणी न समजता बोलू लागला. लोहाऱ्यात औद्योगिक वसाहतीच्या मागे तिच्या मावसभावाचं घर आहे. तिथे आंघोळी केल्या, पोहे खाल्ले. पुण्यात पोह्यांवर खोबरं भुरभुरतात. इथे हरभऱ्याची लाल तर्री ओततात आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आल्याशिवाय वाढणाऱ्याचं समाधान होत नाही.

नेर यवतमाळच्या एका बाजूला, कळंब दुसऱ्या. तरी आधी कळंबला गेलो, कारण माहेरी जाताना चिंतामणीला सांगून जायचं, हा आईचा शिरस्ता आहे. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरताना आईनं भिंत धरली. वर येताना ती मध्येच थांबली आणि कुंडातल्या पाण्याबद्दल काहीतरी बोलली. पाण्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं.

देवळाबाहेर आम्ही पेढ्यांचे दोन डबे घेतले होते. दोन घ्यायचं कारण असं. मोठ्या मामी महानुभाव पंथाच्या आहेत. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी उपदेश घेतला. तेव्हापासून त्या दुसऱ्या देवाला नमस्कार करत नाहीत आणि दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं खात नाहीत. म्हणून आई कळंबहून नेहमी एक डबा देवापुढे ठेवून धाकट्या घरी नेते आणि दुसरा पिशवीतच ठेवून मोठ्या घरी. पिशवी माझ्याकडे होती. गाभाऱ्यात पुजाऱ्यांनी हात पुढे केला, मी पिशवीच दिली. त्यांनी ती तशीच्या तशी देवाच्या पायांना लावून परत केली.

"दोन्ही?" वर आल्यावर आईनं विचारलं.

"दोन्ही."

"घ्या. आता वहिनीले काय दुर्वा नेऊ?"

नेर

नेरचा बाजार पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचा असतो. माणसांना लागणाऱ्या वस्तू मागच्या रांगेत जातात. झुली, घुंगरांच्या माळा, शिंगांचे रंग, वेसणी. मिठाईच्या दुकानात पेढे संपले होते. बर्फी मिळाली.

स्टँडसमोर आम्ही चहा घेतला. तो कागदी कपात आला. आईनं कप फिरवून पाहिला.

"हा वाटायचा कसा?"

मग तिनं सांगितलं. लहानपणी घरात पोरांना मिळून एकच कप चहा मिळत असे. वसंता, म्हणजे मोठे मामा, कपातून प्यायचे. बापू, म्हणजे धाकटे, बशीतून. "बशीच काहून पाहिजे तुले, असं इचारलं तं म्हने, बशीतला लवकर थंडा होते. अन् याचा कप संपाच्या आत त्याची बशी संपलेली राहे. मंग उरलेल्या कपासाठी मारामारी." एवढं बोलून तिनं कागदी कप तसाच तोंडाला लावला.

गावाकडे जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये शेजारी एक म्हातारे शेतकरी होते. पुण्यात माझ्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबांचा देव कोणता आणि पक्ष कोणता, हे मला माहीत नाही. विचारणं तिथे सभ्यपणाचं मानत नाहीत. इथे गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत म्हाताऱ्यांनी आमचं आडनाव, कुलदैवत आणि मला मुलं किती हे विचारून घेतलं. शेवटी गाव विचारलं. आईनं सांगितलं.

"हां, मंग तुमी कोन? शिलाई मशीन का कपबशी?"

"आमी चौसरवाले," आई म्हणाली.

म्हातारे विचारात पडले. "हे निशानी नाई ऐकली बाप्पा."

भिंत

निवडणुकीत काय झालं, हे मी दोन्ही घरांत वेगवेगळं विचारलं. घटनांच्या क्रमाबद्दल दुमत नाही.

सरपंचपद त्या वेळी महिलेसाठी राखीव होतं. एका पॅनेलचं चिन्ह कपबशी होतं. त्यांच्या माणसांनी प्रचारासाठी मोठ्या मामांकडे गल्लीवरची, धाकट्या घराच्या ओसरीसमोर पुढे आलेली भिंत मागितली. मामांनी दिली. त्यानंतर चार दिवसांनी धाकट्या मामींनी सरपंचपदासाठी अर्ज भरला. त्यांना शिलाई मशीन मिळालं. मोठ्या मामांनी दिलेला शब्द परत घेतला नाही. धाकट्या मामांनी तो परत घे असं म्हटलं नाही. प्रचार संपेपर्यंत धाकट्या मामींना स्वतःच्या ओसरीत बसून समोर थोरल्या दिरांच्या भिंतीवर रंगवलेली भलीमोठी कपबशी दिसत होती.

मामी हरल्या. निकालाच्या संध्याकाळी धाकट्या मामांनी गल्लीत उभं राहून विचारलं, "दादा, मत तरी घरात टाकलं का?"

मोठे मामा म्हणाले, "मत सांगाचं नसते, बापू."

त्यानंतर दोघे बोलले नाहीत.

आम्ही पोहोचलो तेव्हा भिंतीला चुना दिलेला होता. पावसानं तो पातळ झाला होता आणि खालून बशीची कड दिसत होती.

मोठ्या घरी चहा कपबशीतून आला. मोठ्या मामींनी बर्फीचा डबा हातात घेऊन आईकडे पाहिलं.

"कोनापुढं ठेवली होती काय, बाई?"

"दुकानदारापुढं."

"मंग चालते." त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. "पेढे नाई मिळाले वाटते कळंबले."

आईनं खरं ते सांगितलं. मामी हसल्या. "एवढ्या लांबून आनले, अन् पोरीनं देवाले देऊन टाकले. जाऊ द्या. त्याले तरी कोन आनते दोन डबे?"

"तुमचा देव रागावते काय व, दुसऱ्यापुढचा पेढा खाल्ला तं?"

"देव कायले रागावीन. मीच वचन देल्लं हाये. अन् तुमी काहून नाई सोडत चिंतामनी? त्या पायऱ्या उतरू उतरू गुडघे गेले तुमचे."

"गुडघे हायेत जागेवर," आई म्हणाली आणि माझ्याकडे न बघता बर्फीचा तुकडा उचलला.

हा वाद आई आणि मोठ्या मामी, मामींनी उपदेश घेतल्यापासून घालत आहेत. त्यापायी कोणाचा चहा थांबल्याची नोंद नाही.

मग आम्ही शेजारी, धाकट्या घरी गेलो. तिथे चहा स्टीलच्या ग्लासातून आला. ग्लास मला धरवेना. मी म्हटलं, "मामी, बशी मिळेल का?"

धाकट्या मामांनी पंख्याकडे पाहिलं. मामी उठून आत गेल्या आणि एक वाटी घेऊन आल्या. मी वाटीतून चहा प्यायले. बाहेर पडल्यावर आईनं सांगितलं, की निवडणुकीनंतर त्या घरात कपबशी हा शब्द निघत नाही. घरातल्या सगळ्या कपबश्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या आहेत.

पोळा

आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. दोन्ही मामांनी ते आपापल्या गोठ्यात दिलं. भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे तेच शब्द, तोच सूर, थोडं मागेपुढे.

सकाळी दारांना पळसाच्या डहाळ्या लागल्या. दुपारी गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं गेलं आणि त्याखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या. रस्त्यापलीकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेएवढी झाली होती. सोयाबीनला शेंगा लागल्या होत्या. मोठ्या मामांची जोडी रांगेच्या एका टोकाला होती, धाकट्या मामांची दुसऱ्या.

तिथे परसराम भेटले. परसराम गावालगतच्या बंजारा तांड्यावर राहतात. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत; परसराम कापूस आणि तूर पिकवतात. मोठ्या मामांचे ते शाळासोबती, आणि चौसराच्या पटावर कायमचा चौथा माणूस. घरात ते गोरबोली बोलतात, गावात वऱ्हाडी, आणि माझ्याशी क्रमिक पुस्तकातलं मराठी.

"आपण कधी आलात?" त्यांनी मला विचारलं. मग आईकडे वळून: "काय व बाई, डाव मांडाचा का नाई? तीन वर्सं झाली, माझा हात खाजवून राह्यला."

"कवड्या आन तू."

"कवड्या काय माझ्या बापाच्या हायेत? बापूजवळ हायेत. त्यायच्या घरी मी गेलो का थे म्हनते, दादाचा मानूस आला. दादाकडे गेलो का हे म्हनते, बापूचा आला. मी कोनाचाच नाई व, मी बिनविरोध हावो."

पोळ्यात झडत्या म्हणतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींची यमक जुळवलेली कविता. एकानं खड्या आवाजात म्हणायची आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. त्या दिवशी कोणावर काहीही म्हटलं तरी रागवायचं नाही, असा रिवाज आहे. खताचे भाव, नाली, रस्ता, आमदार, सगळ्यांवर झडत्या झाल्या. मग परसराम पुढे आले आणि कानावर हात ठेवून म्हणाले:

पट राह्यला इकडे, कवड्या गेल्या तिकडे,
बैल उभे एका तोरनी, मालक पाहे वाकडे!

हशा झाला, गजर झाला. मोठे मामा हसले. धाकट्या मामांनी बैलांचे कासरे ओढले आणि तोरण तुटायच्या आधी जोडी वळवली. असं कोणी करत नाही. तोरण तुटल्यावरच बैल घरी न्यायचे असतात. गर्दी बाजूला झाली आणि ते एकटे गेले.

"चुकलं माझं," परसराम म्हणाले.

संध्याकाळी आम्ही धाकट्या घरी जेवलो. पुरणपोळी, वडे, कढी. आई खाटेवर पाय लांब करून बसली होती. जेवण झाल्यावर तिनं विषय काढला.

"कवड्या कुठी हायेत, बापू?"

"असतील कुठीतरी. उंदरानं नेल्या असतील."

"उंदीर चौसर खेळते काय?"

"पट दुसऱ्याच्या घरी असल्यावर कोन खेळते?"

"मी खेळते. त्याच्यासाठीच आली एवढ्या लांबून."

"तू पाहुनी हायेस, बाई. परवा जाशीन. मले इथंच राहाचं हाये, त्या भिंतीसमोर." थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्यानं एकदा फक्त हो म्हनलं असतं. खोटं बोलला असता तरी चाललं असतं."

आई म्हणाली, "थो खोटं बोलत नाई म्हनून तं तू त्याच्याकून खेळे ना रे."

मामा उठून गोठ्यात गेले.

मी भांडी आत न्यायला गेले. धाकट्या मामी उरलेलं पुरण डब्यात भरत होत्या. त्या शिवणकाम करतात. शिलाई मशीन हे चिन्ह त्यांनी मागून घेतलं होतं. हळू आवाजात म्हणाल्या, "निवडनूक मी हरली. अबोला यायनं धरला. मले कोनी इचारलंच नाई." मग: "बाईचं काय हाये हो? पाय लांब करून काहून बसते? आधी नाई बसे अशी."

मी ऑपरेशनचं सांगितलं. त्यानंतर मांडी घालता येणार नाही, तेही सांगितलं.

"यायले माहीत हाये?"

"नाही. भावांना सांगायचं नाही, असं आई म्हणाली आहे."

मामींनी डब्याचं झाकण लावलं. "मी काई भाऊ नोहो," त्या म्हणाल्या.

त्या रात्री त्यांनी मामांना काय सांगितलं, सांगितलं का, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पोळ्याची कर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात. सकाळी लवकर दारच्या पळसाच्या डहाळ्या काढून गावाच्या शिवेबाहेर टाकल्या. सोबत रोगराई, पीडा, खोकला-पडसं सगळं जावं म्हणून ओरडत जायचं असतं. दोन्ही घरची माणसं ओरडत गेली, वेगवेगळ्या वाटांनी.

जेवणं झाल्यावर आईनं मोठ्या मामांच्या ओसरीवर पट अंथरला. हा पट तिनं लग्नाच्या आदल्या वर्षी स्वतः केलेला आहे. निळं कापड, लाल दोऱ्याच्या चौकटी, सुरक्षित घरांवर पिवळ्या फुल्या. एका कोपऱ्याला तेलाचा जुना डाग आहे. तो कोणी पाडला याबद्दल मात्र दोन मतं आहेत. मग तिनं भिंत धरली, एक गुडघा मोडला, थांबली, दुसरा मोडला आणि मांडी घालून बसली. मोठ्या मामींनी उशी पुढे केली. तिनं ती बाजूला ठेवली.

"खुर्ची आनू काय, बाई?" परसरामनी विचारलं.

"खुर्चीसाठी तुमी भांडा. मी खाली बरी हाये."

इथे खेळाचे दोन नियम सांगायला हवेत, कारण ते फक्त या घरातले आहेत. चौघांत समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार असतात. आईसमोर परसराम, मोठ्या मामांसमोर धाकटे मामा. लहानपणापासून जागा ठरलेल्या आहेत. पहिला नियम: कवड्या ज्यानं फेकल्या त्यानं कोणती सोंगटी चालायची ते ठरवायचं नाही, ते समोरच्या जोडीदारानं सांगायचं, आणि तोंडानं सांगायचं. हा नियम माझ्या आजोबांनी घातला. हात लबाडी करतो, तोंड चारचौघांत करत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरा नियम: ज्याच्या चारही सोंगट्या घरात गेल्या, त्यानं पटावरून उठायचं. उरलेला जोडीदार दोघांविरुद्ध एकटा खेळतो.

म्हणजे अबोला धरून हा खेळ खेळता येत नाही.

मोठे मामा येऊन आपल्या जागी बसले. परसराम बसले. चौथी जागा रिकामी होती. परसरामनी आकाशाकडे पाहून पावसाचा अंदाज सांगितला. तो चुकीचा ठरला.

धाकट्या मामी आल्या. त्यांनी पदराआडून पत्र्याचा डबा काढला आणि चौथ्या जागेवर ठेवला. डब्यातून कवड्यांचा आवाज आला.

"येऊन राह्यले थे. टोपी शोधून राह्यले," त्या म्हणाल्या.

धाकटे मामा आले. टोपी नव्हती. ते बसले, डबा उघडला, आपल्या सोंगट्या काढून डबा सरकवला. कोणाकडे पाहिलं नाही.

आईनं पहिल्यांदा कवड्या टाकल्या, परसरामनी चाल सांगितली. मग मोठ्या मामांनी सात कवड्या दोन्ही हातांत खुळखुळवल्या आणि टाकल्या. पाच उताण्या पडल्या.

"पंचवीस," आई म्हणाली.

चाल धाकट्या मामांनी सांगायची होती. त्यांनी एका सोंगटीकडे बोट दाखवलं.

"बोट नाई," आई म्हणाली. "तोंड."

कवड्या पटावर तशाच पडून होत्या. गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली.

"कडंची," धाकटे मामा म्हणाले.

मोठ्या मामांनी कडेची सोंगटी चालवली.

पहिले काही फेरे दोघांमध्ये एकेक शब्दच होता. कडंची. मागची. थांब. फुलीवर. नंतर शब्द वाढले. "मागची काढ, परश्या टपून हाये." "आता दहा पडू दे फक्त." एकदा मोठ्या मामांनी चूक सोंगटी सांगितली आणि धाकट्यांची मेली. "डोळे फुटले काय?" धाकटे म्हणाले. परसरामनी आईकडे पाहिलं. आई पटाकडे पाहत होती.

बाकीचं बोलणं सुरू झालं. मोठ्या मामी दारात बसून वाती वळत होत्या. परसरामनी त्यांना विचारलं, त्यांच्या देवाला कवड्या चालतात का. "पैसे लावले तं नाई चालत," मामी म्हणाल्या. "नुसत्या खेळाले देव कायले मना करीन? त्याले दुसरे कामं नाई काय?" परसराम म्हणाले, तांड्यावरचा त्यांचा पुतण्या कोणत्याच देवाला मानत नाही, पण मोबाईलवर लुडो खेळताना फासा पडायच्या आधी डोळे मिटतो. मग ते म्हणाले, "या खेपेला सरपंचाचं आरक्षण कोनाले सुटते, देव जाने."

धाकटे मामा म्हणाले, "फेक, परसराम."

ऊन ओसरीच्या पायरीवर आलं तेव्हा डावाची स्थिती अशी होती. मोठ्या मामांच्या तीन सोंगट्या घरात होत्या आणि चौथी घराच्या तोंडाशी, दहा घरं दूर. धाकट्या मामांच्या दोन बाहेर होत्या, एक निम्म्या वाटेवर. आई आणि परसराम त्यांच्या मागे होते. मोठ्या मामांनी कवड्या टाकल्या. एक उताणी, सहा पालथ्या. दहा.

त्यांचा हात सोंगटीकडे गेला आणि थांबला. चाल सांगायची होती. पण सांगण्यासारखं उरलं नव्हतं: सोंगटी घरात जाईल, मामा उठतील.

धाकटे मामा म्हणाले, "घरात नको जाऊ, दादा."

मोठ्या मामांनी वर पाहिलं.

"घरापुढून काढ. अजून एक फेरा मार."

नियमात ते बसतं. घरात न शिरता सोंगटी पुढे नेऊन पुन्हा सगळा पट फिरवता येतो. पण ती मरू शकते, आणि मेली तर सगळी चाल पाण्यात.

"मारतीन ना बापा," मोठे मामा म्हणाले. "मागं हे दोघं टपून बसले."

"मेली तं मरू दे. तू उठू नको."

मोठ्या मामांनी सोंगटी घरासमोरून पुढे काढली आणि मोजत मोजत दुसऱ्या फेऱ्याला लावली. दारातल्या मोठ्या मामींचा हात वातीवर थांबला होता.

पुढच्या फेऱ्यात आईला तीस पडले. परसरामनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि चाल सांगितली. आईनं तीस घरं मोजली आणि मोठ्या मामांची सोंगटी मारली.

"मेली!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की गल्लीतून जाणारी बाई थांबली.

"सांगतलं होतं मी," मोठे मामा म्हणाले.

"सांगतलं तं सांगतलं," धाकटे म्हणाले. "बस आता. अन् फेक."

आई आणि परसराम तो डाव जिंकले. आईनं लगेच दुसरा मांडायला सांगितला. ती अजून मांडी घालूनच होती. एकदाही पाय मोकळे केले नव्हते.

धाकट्या मामी मधल्या वेळात आपल्या घरी गेल्या होत्या. त्या चहाचा ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये कपबश्या होत्या, पांढऱ्या, काठाला निळी रेघ असलेल्या. धाकट्या मामांनी ट्रेकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"गिलास खरकटे हायेत," मामी म्हणाल्या.

थोड्या वेळापूर्वी मी पाणी प्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले होते. ग्लास धुऊन ओट्यावर पालथे घातलेले होते.

कप एक कमी होता. माळ्यावरून काढताना फुटला, असं मामींनी सांगितलं. आईला, परसरामना, मोठ्या मामींना आणि मला मिळाला. शेवटचा त्यांनी नवऱ्यापुढे ठेवला.

धाकट्या मामांनी तो उचलला. अर्धा चहा बशीत ओतला. कप पटावरून मोठ्या मामांकडे सरकवला आणि बशी तोंडाला लावली.